राजीनाम्याचे दोन अर्थ

इसवी सन १९५७, नोव्हेंबर महिन्याची अठ्ठावीस तारीख, वार गुरुवार, सकाळचे साडेदहा. मुक्काम जालना, जिल्हा औरंगाबाद, मुंबई राज्य. शेठ रतनलाल यांनी मातोश्री प्रेमबाई यांच्या स्मरणार्थ चालविलेला धर्मार्थ दवाखाना, खोली क्रमांक तीन.

अंबडचे अर्जनवीस रामराव रोहिलागडकर यांनी एवढा मजकूर त्या खोलीच्या दाराशी उभ्या उभ्याच मनात जुळविला, आणि ते अडले. दारावर तीनचा आकडा होता. ‘क्रमांक’ हा शब्द नव्हता. जे दारावर नाही ते मजकुरात घालावे काय? घातले तर मजकूर अचूक राहत नाही. गाळले तर ‘खोली तीन’ याचा अर्थ तीन खोल्या असा कोणी करील. या विवंचनेत ते बाकावरून दारापर्यंत आणि दारापासून बाकापर्यंत चार वेळा गेले. शेजारच्या दोन आकड्याच्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर बसत. घरी बायको चतुराबाई सोडून बाकी साऱ्या अंबडाला रामरावांनी हेच सांगितले होते की, चष्म्याचा नंबर काढावयास जातो. तीन आकड्याच्या खोलीत दर गुरुवारी औरंगाबादेहून मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येत, आणि ती खोली कोणती हे जालन्यात सर्वांना ठाऊक असल्याने, दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये उभे राहणे हाच त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग होता.

या गृहस्थांवर असा प्रसंग का आला, हे येथेच सांगणे प्राप्त आहे. रामराव सव्वीस वर्षे अंबडच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली चौरंग मांडून लोकांचे अर्ज लिहीत आले होते. निजामाच्या अमलात उर्दूत, आणि तो अंमल गेल्यावर मराठीत. त्यांनी लिहिलेला कागद परत आला असे कधी घडले नव्हते. परंतु गेल्या अडीच महिन्यांत त्यांच्या हातून एकही कागद पुढे गेला नव्हता. लिहावे, वाचावे, पुन्हा वाचावे, एखाद्या शब्दापाशी थांबावे, फाडावे, पुन्हा लिहावे. पक्षकार कंटाळून दुसऱ्या चौरंगाकडे जात. याहून मोठी गोष्ट अशी की, एक कागद त्यांनीच लिहावयाचा होता, तो दुसरा कोणी लिहू शकत नव्हता, आणि त्याची मुदत तेरा डिसेंबरला संपत होती. तो दाखल झाला नाही, तर ख्वाजामियाँ नावाच्या एका भल्या माणसाची एकोणीस वर्षांची नोकरी कायमची जाणार होती. त्या दिवसाला आता पंधरा दिवस उरले होते. प्रतिज्ञापत्राचे मसुदे मात्र एकेचाळीस झाले होते.

दार आतून उघडले. चाळिशी उलटलेल्या, पांढरे लुगडे नेसलेल्या एक बाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“मघापासून पावलं ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येताय की डोळ्यांकडे जाताय?”

डॉक्टर पुष्पाबाई हर्षे यांच्याशी रामरावांची ओळख अशी झाली.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचे कपाट आणि पाण्याचा तांब्या एवढेच होते. रामरावांना काहीतरी यंत्र दिसेल असे वाटले होते. यंत्र नाही हे पाहून त्यांना बरे वाटावे ते वाटले नाही.

“बसा. की उभं राहूनच बरं वाटतं?”

“बसेन. परंतु तत्पूर्वी या कामाची पद्धत कळावी.”

“विचारा.”

“येथे जबानी कोण लिहून घेतो?”

“कोणीच नाही. माझ्या आठवणीपुरते चार शब्द मी टिपते. ते त्या कपाटात राहतात, किल्ली माझ्याजवळ.”

“आणि शेठजी?”

“शेठजींनी खोली दिली आहे. कान दिलेले नाहीत.”

रामराव खुर्चीच्या कडेवर बसले. “सुई, विजेचा झटका, असे काही?”

“नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं, मध्ये विचारायचं. पाऊण तास. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणा, मी रागावत नाही. आज घरी जाताना हलकं वाटेलच असं समजू नका. काहींना पहिल्या दिवशी जास्तच तळमळ होते, ते आधी सांगून ठेवलेलं बरं. काही गुरुवार यावं लागेल. आणि माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर स्पष्ट सांगा. औरंगाबादला दुसरे डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देईन.”

“मला वेड लागले आहे काय?”

“तो शब्द तुमच्या शेजाऱ्यांचा असेल. माझ्या कामाचा नाही.”

“बरे. आणि निकाल?”

“कसला निकाल?”

“दोष कोणाचा, याचा.”

“तो इथे मिळत नाही.”

“मग लोक येथे येतात तरी कशासाठी?”

“अगदी हेच मी तुम्हांला विचारणार होते,” पुष्पाबाई म्हणाल्या.

रामरावांनी उत्तरादाखल पिशवीतून कागदांची गड्डी काढली, दोन्ही हातांनी सरळ केली आणि टेबलावर ठेवली. सत्तावीस पाने होती. समास सारखे, अक्षर मोत्याचे. वर ठळक लिहिले होते : ‘कैफियत’.

बाईंनी पहिले पानसुद्धा उलटले नाही. गड्डी उचलून त्यांनी ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. “राहू दे तिथे. आता तोंडी सांगा.”

“तोंडी?” रामराव उठलेच. “बाई, तोंडी बोललेल्या शब्दावर काट मारता येत नाही. मागे जाऊन सुधारता येत नाही. लेखाला प्रमाण मानावे की वाणीला, हा वाद आजचा नव्हे, परंतु—”

“वाद नंतर घालू. मला आवडतो. आधी सांगा.”

मग रामराव खिडकी आणि दार यांमध्ये येरझारा घालीत बोलू लागले. “सदर इसम अंबड येथे अर्जनवीस असून, सदर इसमाकडे ऑगस्ट महिन्याचे अखेरीस—”

“सदर इसम म्हणजे कोण?”

“मी.”

“मग मी म्हणा.”

हे त्यांना किती जड गेले ते सांगून पटणार नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी ‘मी’ हे अक्षर हजारो वेळा लिहिले होते, पण ते नेहमी दुसऱ्याचे होते.

हकीकत अशी होती. ख्वाजामियाँ एका सरकारी कचेरीत दफ्तर सांभाळीत. खिडकीजवळच्या खुर्चीवरून त्यांचे आणि हेडकारकुनांचे भांडण झाले. एकमेकांविरुद्ध लेखी तक्रारी झाल्या. मग दोघांनी हसून मिटविले, आणि मिटले असा कागद साहेबांना द्यावा म्हणून ख्वाजामियाँ लिंबाखाली आले. निजामाच्या कचेऱ्यांत अशा कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. दोन्ही पक्ष राजी, म्हणून राजीनामा. रामरावांनी तोच मथळा घातला आणि खाली लिहिले : ‘या कामी मी आपखुशीने राजीनामा देत आहे.’ साहेब नवे, पुण्याकडून आलेले. त्यांच्या मुलखात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. दुसरा अर्थ त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. चौदा सप्टेंबरला त्यांनी कागदाखाली लिहिले : ‘मंजूर.’

“आणि ख्वाजामियाँनी,” रामराव खिडकीची दांडी धरून म्हणाले, “मंजूर हा शब्द पाहून पेढे वाटले. मला पानात बांधून दोन आणून दिले. मी खाल्ले.”

आठ दिवसांनी खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला. साहेबांचे म्हणणे, कागद तो कागद. वरच्या कचेरीने एवढेच सांगितले की, नव्वद दिवसांत अपील करावे. आणि तो शब्द कोणत्या अर्थाने लिहिला याचे ज्याने लिहिला त्याचेच प्रतिज्ञापत्र जोडावे.

पुष्पाबाईंनी घड्याळाकडे पाहिले. “वेळ संपत आली. एक काम देते. ते कराल की नाही ते तुमच्यावर. एक पोस्टकार्ड लिहायचं, कोणालाही. त्यात मुद्दाम एक चूक करायची. आणि पेटीत टाकायचं.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“बाई, ही चिकित्सा नव्हे, हा छळ आहे.”

“थोडासा आहे,” बाई म्हणाल्या.

परतीच्या सरकारी बसमध्ये रामराव तीन वेळा जागा बदलून बसले.

घरी चतुराबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांचे माहेर अंतरवाली सराटीचे, आणि जीभ माहेरची.

“काय म्हन्ली डॉक्टरीण?”

“काही म्हणाली नाही. ऐकत बसली.”

“आन् तुम्ही बोलत बसले? घरात तर दोन महिन्यांपासून नुस्तं फाडून राह्यले.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “शेजारची संतोषबाई इचारीत व्हती, चष्मा कवा भेटनार म्हनून. म्या सांगितलं, नंबर लई मोठा हाय, काच घासून राह्यलेत.”

रामरावांना हसू आले नाही. ते कोनाड्यापाशी गेले, शाईची दौत उघडली, बंद केली.

“अहो, ऐका तरी. त्या साहेबाला आपली बोली कळत न्हाई त्याला तुम्ही काय करनार? तुमची काहीच गलती न्हाई. समदं अंबड हेच म्हनतं.”

हे वाक्य चतुराबाईंनी प्रेमानेच उच्चारले होते, आणि याआधी वीस वेळा उच्चारले होते. सांत्वनाने दुःख हलके होते असा समज आहे. तो सर्वत्र खरा नाही. ज्याला स्वतःविषयी एक गोष्ट अधिक ठाऊक असते, त्याला दुसऱ्याने दिलेली निर्दोषता अंगावर ठेवलेल्या दगडासारखी लागते. रामराव चप्पल घालून बाहेर पडले आणि मागच्या बोळाने फिरत राहिले. पुढचा रस्ता त्यांनी खुर्चीवर दुसरा माणूस बसला त्या दिवसापासून सोडला होता, कारण पुढच्या रस्त्यावर ख्वाजामियाँचे घर होते. ख्वाजामियाँची बायको मैमूना दोनदा निरोप घेऊन आली होती : ‘मुन्शीजी, कागज हुआ क्या?’ दोन्ही वेळा रामराव परसात जाऊन उभे राहिले होते.

शनिवारी त्यांनी धावड्याच्या थोरल्या बहिणीला, गोजरबाईंना, कार्ड लिहिले. चूक कोणती करावी यात दोन दिवस गेले. अखेर ‘दीर्घ काळ पत्र नाही’ यातील ‘दीर्घ’ हा शब्द त्यांनी ऱ्हस्व लिहिला. ‘दिर्घ’. शब्द स्वतःच्या अर्थाविरुद्ध उभा राहिलेला पाहून त्यांनी कार्ड दोनदा पालथे घातले. तरी कार्ड पेटीत गेले. मग ते पेटीसमोर डाक निघेपर्यंत बसून राहिले. डाकवाला पेटी उघडू लागताच ते पुढे झाले.

“एक कार्ड परत हवे होते.”

“पेटीत पडलं का सरकारचं झालं, मुन्शीजी. मरनाची खबर हाय का?”

“नाही.”

“पैशाची?”

“नाही. वेलांटीची.”

डाकवाल्याने पेटीला कुलूप घातले. “चष्मा घ्या जल्दी,” तो म्हणाला, आणि थैली खांद्यावर टाकून गेला.

पाच डिसेंबरच्या गुरुवारी रामराव खोलीत शिरले ते भांडण्याच्या तयारीनेच. कार्ड टाकले, काही आभाळ कोसळले नाही, हे ते मान्य करीत होते. पण त्यावरून काय सिद्ध होते? ती चूक कोणाच्या पोटावर येत नव्हती. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. आठ दिवस उरले होते, हे रामरावांनी सांगितले. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे. त्या प्रत्येक गोष्ट मान्य करीत गेल्याने वादाला धरावयास जागा उरेना, आणि रामराव अधिकच चिडले.

“एवढेच सांगा, दोष माझा की साहेबांचा? तुम्ही शिकलेल्या आहात, तिऱ्हाईत आहात. एकदा कोणीतरी निकाल द्या, म्हणजे माझा हात चालू लागेल.”

“समजा मी म्हटलं, तुमचा दोष नाही. चालू लागेल?”

रामराव पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले.

“तुमच्या घरच्यांनी म्हटलं, गावानं म्हटलं. चालू लागला नाही. म्हणजे माझं म्हणणंही वायाच जाणार.” बाईंनी टेबलावरचा टाक बाजूला ठेवला. “रामराव, तुम्ही कचेऱ्या ओळखता. एखादा दावा चुकीच्या कचेरीत दाखल झाला तर काय करतात?”

“परत करतात. हद्दीबाहेरचा म्हणून.”

“हा माझ्या हद्दीबाहेरचा आहे. ज्याच्या हद्दीतला आहे त्याच्यापुढे तुम्ही गेलाच नाहीत. का, ते मला माहीत नाही. तुमची सत्तावीस पानं मी वाचलेली नाहीत, पण दोन गुरुवार तुम्ही बोललात. त्यात ख्वाजामियाँ एकदाही काही बोलत नाहीत. ते आले, तुम्ही लिहिलंत, त्यांनी सही केली. कागद लिहून घेताना माणूस गप्प बसतो का हो?”

रामरावांचा चेहरा उतरला. “आपण माझी उलटतपासणी करीत आहात.”

“हो. नाही म्हणायची मोकळीक आहे.”

“मग नाही!” त्यांनी पिशवी उचलली आणि ते बाहेर पडले. पाऊण तासातली वीस मिनिटे अजून शिल्लक होती.

जालन्याच्या बाजारातून ते भराभर चालत गेले. कापसाच्या गाड्यांच्या मधून, सराफ्याच्या तोंडाशी, पुन्हा मागे. एका दुकानाच्या पाटीवर ‘किरकोळ’ हा शब्द ‘कीरकोळ’ असा रंगविला होता. एरव्ही त्यांनी दुकानदाराला खाली बोलावले असते. आज ते पाटीकडे पाहत नुसते उभे राहिले. आणि ती चूक तेथे किती वर्षे सुखाने नांदत असेल, असा विचार मनात येताच त्यांना का कोण जाणे, भीती वाटली. ते वळले.

खोलीचे दार उघडेच होते. पुष्पाबाई तशाच बसल्या होत्या.

“पाच मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “ती तुमचीच आहेत.”

रामराव बसले. या खोलीत ते खुर्चीच्या पाठीला टेकून प्रथमच बसले.

“ते बोलले होते,” रामराव म्हणाले. “मी मथळा घातला तेव्हा ते म्हणाले, ‘मुन्शीजी, नवे साहेब तिकडले हायेत, तडजोड लिव्हलं तर?’ मी हसलो. मी म्हणालो, ‘ख्वाजामियाँ, तडजोड हा बाजारातला शब्द. कायद्याचा शब्द राजीनामा. ज्याला तो कळत नाही त्याने कोश पाहावा.’ लिंबाखाली चार माणसे होती, ती ऐकत होती. मला ठाऊक होते, बाई. तिकडे त्या शब्दाचा अर्थ काय करतात ते मला पुरते ठाऊक होते. मूळ अर्थ कोणाच्या बाजूला आहे, एवढेच मला दाखवावयाचे होते.”

“हे कैफियतीत आहे?”

“नाही.”

“मसुद्यांत?”

“एकाही नाही.”

“मग ते संपणार कसे?” पुष्पाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “अपिलाच्या दृष्टीनं हे सांगणं बरं की वाईट? मला कायदा कळत नाही.”

रामरावांनी मान वर केली. कायद्याच्या बाजूने या गोष्टीकडे त्यांनी पाहिलेच नव्हते. अर्जदाराने स्वतः ‘तडजोड’ हा शब्द सुचविला होता. म्हणजे त्याच्या मनात नोकरी सोडण्याचा लवलेशही नव्हता. याहून बळकट पुरावा असू शकत नव्हता. आणि तोच त्यांनी अडीच महिने पोटात दडवून ठेवला होता.

“बरे,” ते म्हणाले. “त्यांना बरे. मला वाईट.”

पुढचा आठवडा त्यांना अधिकच जड गेला. तळमळ वाढू शकते असे बाईंनी बजावले होते, ते खरे ठरले. घास तोंडात फिरे. दिवसातून दहादा ते पुढच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत जात आणि मागच्या बोळाने परतत. मंगळवारी धावड्याहून कार्ड आले. गोजरबाईंना अक्षर येत नसे. शेजारणीकडून त्यांनी लिहवून घेतले होते. ‘तुजं कार्ड वाचून घेतलं. इतक्या वर्सांत तू पयल्यांदाच लिव्हलं का झोप येत न्हाई म्हनून. दर खेपेला नुस्तं सर्व क्षेम असतंय. इकडं ये चार दिस.’ रामरावांना आपण असे लिहिल्याचे स्मरत नव्हते. एक चूक बरोबर करण्यात त्यांचे सारे लक्ष गुंतले होते. बाकीचा मजकूर पहाऱ्यावाचून निघून गेला होता. दिर्घाविषयी कार्डात अक्षर नव्हते.

बारा तारखेच्या गुरुवारी ते जालन्याला गेले, पण फार बोलले नाहीत. पाऊण तासात त्यांनी पुष्पाबाईंच्या टेबलावर एकच पान लिहिले. बाईंनी ते वाचण्यास मागितले नाही. निघताना त्यांनी कपाट उघडून कैफियतीची गड्डी पुढे केली.

“ही तुमची.”

“काय करू तिचे?”

“ते मी कसं सांगणार?”

रामरावांनी गड्डी पिशवीत घातली. “पुढच्या गुरुवारी यावयाचे काय?”

“यायला हवं. उद्या कागद दाखल झाला तरी, आणि झाला नाही तरी.”

तेरा डिसेंबर, शुक्रवार. दुपारी साडेचार वाजता रामराव अंबडच्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पाचला खिडकी बंद होणार होती. ख्वाजामियाँ पायऱ्यांखाली उभे होते. मैमूनाकडे निरोप गेला होता, म्हणून ते आले होते. शेरवानी जुनी, पण इस्त्रीची. हातात अपिलाचा कागद. तीन महिन्यांत ते अंगाने उतरले होते. त्यांनी सलाम केला. रामरावांनी नमस्कार केला. ख्वाजामियाँनी कागद या हातातून त्या हातात घेतला.

“चष्मा भेटला का, मुन्शीजी?” अखेर ख्वाजामियाँनी विचारले.

“भेटला म्हणा.”

रामरावांनी पान शेवटचे म्हणून वाचावयास घेतले, आणि चौथ्या ओळीत त्यांचे डोळे थिजले. ‘राजिनामा.’ जि ऱ्हस्व. साऱ्या प्रतिज्ञापत्राचा जो एक विषय, तोच शब्द अशुद्ध. दुसरे पान लिहावे तर वेळ नाही. खाडाखोड करावी तर, नेमक्या त्याच शब्दावर खाडाखोड! ते उठले, खिडकीकडे गेले, मागे फिरले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

“काय झालं?” ख्वाजामियाँ पायऱ्या चढून वर आले.

“चूक आहे. एक वेलांटी.”

“माने बदलून राह्यला का?”

“अर्थ? नाही. अर्थ बदलत नाही.”

“मंग?”

रामरावांनी ती ओळ पुन्हा पाहिली. पेटीत पडलेले कार्ड त्यांना आठवले, आणि पाटीवरचा दीर्घ ‘की’. मग त्यांनी पान खिडकीतून आत सरकविले. कारकुनाने पान पुटपुटत वाचले, वेलांटीपाशी तो थांबला नाही, आणि दोन्ही कागदांवर त्याने शिक्के मारले. पाचला बारा मिनिटे होती.

समोरच्या हॉटेलच्या बाकावर दोघे बसले. चहा आला. ख्वाजामियाँनी पोहोच घडी करून आतल्या खिशात ठेवली.

“तुम्ही त्यात तडजोडीचं लिव्हलं,” ते म्हणाले. “कारकुनानं वाचलं तवा म्या ऐकलं.”

“लिहिले. तुमचे शब्द आणि माझेही. कोश पाहावा, तेही.”

“लोक हसतीन तुम्हाला.”

“हसतील.”

“नौकरी भेटंल का?”

“ठाऊक नाही. आता कागद बळकट आहे. पण ठाऊक नाही.”

ख्वाजामियाँनी मान हलविली. रामरावांचा कप तसाच होता. ते दोनदा उठू लागले आणि दोनदा बसले. अखेर, ज्या कचेरीत दावा पहिल्या दिवशीच दाखल व्हावयास हवा होता तेथे त्यांनी तो नव्वदाव्या दिवशी दाखल केला.

“ख्वाजामियाँ, सारे गाव मला म्हणते, तुमची गलती नाही. माझी बायको म्हणते. तुम्ही काय म्हणता?”

“जाऊ द्या, मुन्शीजी.”

“जाऊ देऊ नका. म्हणूनच विचारतो आहे.”

ख्वाजामियाँनी चहा बशीत ओतला. बशी त्यांनी स्वतःच्या तोंडाला न लावता रामरावांच्या पुढे सरकविली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि सरळ त्यांच्याकडे पाहिले.

“गलती तुमची व्हती,” ते म्हणाले. “च्या प्या.”